तागाचा नमदा आणि रिॲक्टिव्ह रंगाचे पाणी: एका रंगाई कारखान्याचे प्रकरण

पार्श्वभूमी

सुती होजिअरी कापड रंगवणारा मध्यम आकाराचा कारखाना. सॉफ्ट-फ्लो मशीनवर २५० किलोचा लॉट लागतो, कापड-पाणी प्रमाण १:८, म्हणजे एकेक बाथ २,००० लिटरचा. दिवसाला चार लॉट. रंग जवळजवळ सगळे रिॲक्टिव्ह (कापसाशी रासायनिक बंध जोडणारे): यलो १४५, रेड १९५ आणि ब्लॅक ५ ही नेहमीची तिकडी आणि अधूनमधून फिरोजी शेडसाठी ब्लू २१. रंगाईच्या बाथमध्ये लिटरला ५० ग्रॅम ग्लॉबर सॉल्ट (सोडियम सल्फेट; पुढे ‘मीठ’ म्हटले आहे ते हेच) आणि १५ ग्रॅम सोडा ॲश. रंग बसल्यावर ड्रेन, मग पाच बाथ: पहिली धुलाई, ॲसिटिक ॲसिडने न्यूट्रलायझेशन, सोपिंग (न बसलेला रंग साबणासारख्या रसायनाने धुऊन काढणे), गरम धुलाई, थंड धुलाई. डाईबाथ धरून एका लॉटमागे सहा बाथ आणि दिवसाकाठी ४८ घनमीटर रंगीत पाणी.

ईटीपी (सांडपाणी प्रक्रिया प्रकल्प) जुन्या पद्धतीचा होता: सगळे पाणी मिसळून एकसारखे करणाऱ्या समतोल टाकीत, पुढे फेरस सल्फेट आणि चुना, सेटलिंग, शेवटी वायुवीजनाची टाकी. सीओडी (पाण्यातल्या सेंद्रिय भाराचे माप) आटोक्यात यायचा, रंग यायचा नाही. शेड गडद असली की फेरस वाढवायचा आणि गाळाचे ढीग बघत बसायचे, असा क्रम होता. खरेदीदाराच्या नव्या अटीत रंगाच्या मर्यादा जर्मन वस्त्रोद्योग सांडपाणी नियमातल्या होत्या: शोषण गुणांक (पाणी त्या तरंगलांबीचा प्रकाश किती शोषते याचे माप) ४३६ नॅनोमीटरला ७, ५२५ ला ५ आणि ६२० ला ३ प्रति मीटर, ०.४५ मायक्रॉनमधून गाळलेल्या पाण्यावर. बाहेर पडणारे पाणी तिन्ही ठिकाणी याच्या कितीतरी वर होते.

या पाण्यात रंग किती असतो याचा हिशेब आधी कोणी केलेला नव्हता. तो सोपा आहे. सरासरी २ टक्के शेड (कापडाच्या वजनाच्या २ टक्के रंग) धरली तर १,००० किलो कापडाला २० किलो पावडर लागते. पावडरीत मीठ आणि डिस्पर्संट असतात. प्रत्यक्ष रंगद्रव्य ६५ टक्के धरून १३ किलो. त्यातला पाव भाग कापडावर न बसता पाण्याशी अभिक्रिया करून निकामी होतो. म्हणजे रोज सव्वातीन किलो हायड्रोलाइज्ड रंग ड्रेनमध्ये जात होता.

अडचण: बीकरमधला चमत्कार

केळीच्या खोडाचा धागा वापरून रंग निघतो, असा प्रस्ताव कारखान्याकडे आला. प्रात्यक्षिक झाले: बीकरमध्ये मिथिलिन ब्लू, त्यात चिमूटभर धुतलेला धागा, दहा मिनिटांत पाणी स्वच्छ. दुसऱ्या दिवशी तोच धागा समतोल टाकीच्या पाण्यात टाकला. तासाभराने ५२५ आणि ६२० चे आकडे होते तिथेच होते आणि ४३६ चा उलट वाढला होता.

दोन्ही निकाल खरे आहेत. वनस्पतीज धाग्यातल्या सेल्युलोज, हेमिसेल्युलोज आणि लिग्निनवर कार्बॉक्सिल आणि फिनॉलचे गट असतात. पीएच ४-५ च्या वर पृष्ठभाग ऋणभारित होतो. मिथिलिन ब्लू धनभारित, म्हणून तो धाग्याकडे धावतो. रिॲक्टिव्ह रंगावर मात्र सल्फोनेटचे गट असतात, तो स्वतःच ऋणभारित; धागा त्याला ढकलून देतो. कापूस रंगवताना बाथमध्ये किलोंनी मीठ घालावे लागते ते याच कारणासाठी. ॲक्रिलिकवर बेसिक (धनभारित) रंग चढवणाऱ्या कारखान्यात कच्चा धागा खरोखर उपयोगी पडतो. सुती रिॲक्टिव्ह रंगाईत नाही. ४३६ ला वाढलेला आकडा रंगाचा नव्हताच. अल्कलीयुक्त पाण्यात धाग्यातली टॅनिन आणि लिग्निनचे तुकडे सुटून पाणी पिवळसर होते. काथ्या वापरला असता तर चहासारखे झाले असते.

प्रात्यक्षिकात आणखी एक खोट दडलेली असते. रिॲक्टिव्ह रंगाची चाचणी घेतली तरी ती बहुधा डब्यातल्या पावडरीवर घेतात. ब्लॅक ५ च्या ताज्या रेणूवर चार ऋणभार असतात. त्यातले दोन सल्फेट एस्टरचे, ते सोडा ॲशमध्ये गळून पडतात. ड्रेनमध्ये येणारा रेणू वेगळा असतो आणि धाग्याशी वेगळा वागतो. म्हणून चाचणीचे द्रावण असे करावे: लिटरला १ ग्रॅम रंग, कॉस्टिक सोड्याने पीएच १२, ८० अंशांवर दीड-दोन तास, थंड करून पीएच ७. यापुढच्या सगळ्या चाचण्या अशाच द्रावणावर आणि शेवटी खऱ्या बाथवर झाल्या.

समोरचे पर्याय

धागा सोडून द्यायचा की त्याचा भार बदलायचा, हा पहिला निर्णय होता. त्याआधी बाकीचे मार्ग तपासले गेले.

फेरस-चुना वाढवणे सर्वांत सोपे. पण चुन्याची मात्रा रंगापेक्षा पाण्याच्या घनफळावर आणि अल्कलीवर ठरते. ४८ घनमीटरातले बहुतेक पाणी फिकट, तरी त्यालाही तेवढाच चुना.

कच्च्या धाग्यावरच पीएच २.५ ला रंग घेणे शक्य असते, कारण तिथे पृष्ठभागाचा ऋणभार मावळतो. पण सोडा ॲश असलेले पाणी तिथवर आणायला बेसुमार आम्ल लागते, टाकीत कार्बन डायऑक्साइडचा फेस उसळतो आणि पुढे पुन्हा न्यूट्रल करताना मिठात भर पडते. प्रयोगशाळेतल्या अहवालात हा पीएच छान दिसतो. ईटीपी चालवणारा माणूस तो आकडा वाचूनच कागद बाजूला ठेवतो.

सक्रिय कार्बनबाबत अडचण छिद्रांच्या आकाराची. नारळाच्या करवंटीच्या कार्बनमध्ये सूक्ष्म छिद्रे जास्त आणि हे रेणू मोठे. शिवाय कार्बन पुन्हा वापरायचा तर भट्टी हवी. ओझोन रंग उत्तम काढतो, पण यंत्राची गुंतवणूक आणि विजेचा भार कारखान्याला झेपणारा नव्हता.

उरला क्वाटर्नरी गट (कायम धनभार असलेला नायट्रोजनचा गट) बसवलेला धागा. ३-क्लोरो-२-हायड्रॉक्सिप्रोपिल ट्रायमिथिल अमोनियम क्लोराइड हे रसायन (पुढे ‘क्वाट’) स्टार्च धनभारित करण्यासाठी वापरात आहेच. कॉस्टिकमध्ये त्याचे इपॉक्साइड होते आणि ते सेल्युलोजच्या हायड्रॉक्सिलला कायमचे जोडले जाते. त्यानंतर धाग्याचा धनभार पीएचवर अवलंबून राहत नाही. हा पर्याय निवडला, पण दोन अटींवर: कोणते पाणी धाग्यावर न्यायचे ते आधी ठरवायचे, आणि भरलेल्या धाग्याचे काय करायचे तेही आधीच ठरवायचे. पहिली अट पाळली गेली. दुसरी पुढे ढकलली गेली आणि अंगाशी आली.

कोणते पाणी धाग्यावर

सगळ्या प्रकरणात सर्वांत मोलाचा निर्णय हा होता आणि त्याला रसायन लागले नाही, एक वाहकता मापक (पाण्यातल्या मिठाचा अंदाज देणारा) लागला.

क्वाटर्नरी गटावर रंगाशी स्पर्धा करतो तो सल्फेट. ड्रेननंतर कापडात किलोला साधारण २.४ लिटर पाणी उरते, म्हणजे २५० किलोत ६०० लिटर. डाईबाथमधले लिटरला ५० ग्रॅम मीठ पहिल्या धुलाईत १५ ग्रॅम होतात, न्यूट्रलायझेशनमध्ये साडेचार, सोपिंगमध्ये दीडच्या खाली. प्रत्येक टप्प्याच्या पाण्यावर धाग्याची क्षमता, म्हणजे एक ग्रॅम धागा किती मिलिग्रॅम रंग धरतो ते, मोजली: दीड ग्रॅम मिठाला ६२ मिलिग्रॅम प्रति ग्रॅम, पाच ग्रॅमला ३८, डाईबाथच्या ५० ग्रॅमला केवळ ९. समतोल टाकीत सगळे एकत्र करणे म्हणजे चांगले पाणी मुद्दाम बिघडवणे होते.

म्हणून ड्रेन लाइनवर वाहकतेनुसार चालणारा तीन-मार्गी व्हॉल्व्ह बसवला. ८ मिलिसीमेन्स प्रति सेंटिमीटरच्या वर, म्हणजे डाईबाथ आणि पहिली धुलाई, हे दिवसाचे १६ घनमीटर पाणी पॉलिअमाइन (रंगाला बांधून खाली बसवणारे धनभारित रसायन) आणि फेरसच्या टाकीकडे. त्याखालचे ३२ घनमीटर धाग्याकडे. या ३२ घनमीटरात रोजचा रंग १.१ किलोच्या आसपास. सॉफ्टनर (कापड मऊ करणारे) आणि फिक्सिंग एजंट (रंग पक्का करणारे रसायन) यांचे बाथ मात्र वाहकता कमी असूनही हाताने वेगळे वळवावे लागतात. फिक्सिंग एजंट धनभारित असतो. टाकीत रंगाशी गाठ पडली की चिकट गोळे तयार होतात. पहिल्याच आठवड्यात प्री-फिल्टर असाच तुंबला होता.

धाग्याची निवड आणि प्रक्रिया

केळी, काथ्या, ताग आणि कारखान्यातच निघणाऱ्या पांढऱ्या सुती कातरणांची तुलना झाली. नुसत्या क्षमतेत सुती कातरण पुढे होते. पण ओला कापूस दबतो आणि पाण्याची वाट बंद होते. काथ्या ताठ राहतो, मात्र कितीही धुतला तरी पिवळेपणा सोडतो. केळीचा सुटा धागा पिंपात भरला की एका बाजूला गोळा होऊन पाणी दुसऱ्या बाजूने सुटे निघून जाई. तागाचा सुईने गुंफलेला नमदा (फेल्टसारखी जाड चादर) निवडला गेला तो एवढ्यासाठी, की त्याच्या चकत्या कापून एकावर एक रचता येतात आणि थर आकार धरून राहतो.

६० किलो कोरड्या नमद्याची कृती अशी ठरली. लिटरला १० ग्रॅम कॉस्टिक, ९० अंश, एक तास, १:१५. मग पाणी रंगहीन होईपर्यंत धुलाई आणि हायड्रोमध्ये (गरगर फिरवून पाणी काढणाऱ्या यंत्रात) कडक निचरा. दुसरीकडे ६५ टक्के क्वाटचे द्रावण २० किलो, त्यात ५ किलो कॉस्टिक पाण्यात विरघळवून, थंड करून ऐन वेळी मिसळायचे. हे प्रमाण मोलच्या हिशेबात सुमारे १:१.८ येते: एक भाग इपॉक्साइड होण्यासाठी, उरलेला धाग्याशी जोडणीला. नमद्यात एकूण पाणी त्याच्या वजनाइतकेच ठेवायचे. पाणी वाढले की इपॉक्साइड धाग्याऐवजी पाण्याशी जोडले जाते आणि रसायन वाया जाते. मुरवून, प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळून खोलीच्या तापमानाला २४ तास. मासळीसारखा वास आला तर मिश्रण तापले आणि अमाइन सुटले असे समजावे.

मध्ये तयार होणारे इपॉक्साइड घातक आहे. हातमोजे, गॉगल, उघडी हवा यात तडजोड नाही. पहिले धुण पीएच १२ वर कोमट ठेवून उरलेले इपॉक्साइड मोडू द्यायचे आणि मगच थोडे थोडे वायुवीजनाच्या टाकीत सोडायचे. रंग काढण्यासाठी आणलेले रसायन पाण्यात सोडण्यात अर्थ नाही.

प्रत्येक खेपेच्या नमद्याची परीक्षा: १ ग्रॅम धागा, हायड्रोलाइज्ड ब्लॅक ५ चे ५०० मिलिग्रॅम प्रति लिटर द्रावण १०० मिलि, एक तास हलवणे. नव्वद टक्के रंग उतरला नाही तर तो नमदा वापरायचा नाही. अपयशाचे कारण बहुतेक वेळा एकच निघाले, हायड्रोमधला अपुरा निचरा.

भांडी दोन, प्रत्येकी ०.८ मीटर व्यासाची, १.२ मीटर थर, ६० किलो धागा. एकामागे एक जोडलेली. प्रवाह तासाला १.६ घनमीटर, खालून वर, म्हणजे हवा अडकत नाही. कॉस्टिकमध्ये नमदा आकसतो, त्यामुळे चकत्या प्रक्रियेनंतर कापायच्या आणि भांड्यापेक्षा तीन-चार टक्के मोठ्या. नाहीतर कडेने रंगीत पाणी निसटते. सोपिंगचे पाणी ४५ अंशांखाली आणायला एक हीट एक्स्चेंजर लागला, त्याने ताजे पाणी तापू लागले. कारखाना बंद असला की भांडी रिकामी करायची. ओल्या, हवाबंद धाग्यात सल्फेटपासून हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. एका लांबलेल्या सुट्टीनंतर झाकण उघडताच ते सगळ्यांना कळले.

प्रत्यक्षात काय बिघडले

ठरवलेली क्षमता ४० मिलिग्रॅम प्रति ग्रॅम होती. पहिल्या भांड्यातून २६ वरच रंग बाहेर पडू लागला. धागा परीक्षेत उत्तीर्ण, मीठ मर्यादेत, प्रवाह सरळ. बाथ एकेक करून तपासल्यावर दोष सोपिंगमध्ये सापडला. वापरातला सोपिंग एजंट पॉलिॲक्रिलेटवर आधारलेला होता. ती ऋणभारित लांब साखळी आहे. क्वाटर्नरी जागांवर ती रंगापेक्षा घट्ट बसते आणि सुटत नाही.

इथे दोन वाटा होत्या: सोपिंगचे पाणी धाग्यावरून काढून घ्यायचे किंवा एजंट बदलायचा. पहिली वाट घेतली असती तर सोपिंगमध्ये सुटणारा बराच रंग पुन्हा फेरसकडे गेला असता. डाईंग मास्तरांचा आक्षेप वॉश फास्टनेसबद्दल (धुण्यात रंग टिकण्याबद्दल) होता आणि तो रास्त होता. तोडगा असा निघाला की सोपिंगच्या आधीचा बाथ ८० अंशांवर घ्यायचा आणि नॉन-आयॉनिक (भार नसलेला) एजंट निम्म्या मात्रेत वापरायचा. गडद शेडचा फास्टनेस टिकला आणि धाग्याची क्षमता ३४ वर आली. चाळीसला ती कधीच पोहोचली नाही.

भरलेल्या धाग्याचे काय

पुढे ढकललेला प्रश्न इथे आला. १.१ किलो रंगासाठी रोज ३२ किलो धागा, त्याला सुमारे ११ किलो क्वाटचे द्रावण, आणि शंभर किलोहून अधिक ओला रंगीत कचरा. पॉलिअमाइनने हाच रंग थेट खाली बसवायला याच्या कितीतरी कमी रसायन लागले असते. एकदा वापरून फेकायचा क्वाट-धागा हिशेबात बसत नाही, हे कागदावर आधीच दिसायला हवे होते. बॉयलरमध्ये जाळण्याची सूचनाही आली. क्लोराइड, नायट्रोजन, रंगातले गंधक आणि फिरोजीतले तांबे पाहता ती नाकारली गेली.

मार्ग निघाला तो कारखान्याच्याच दुसऱ्या नळातून. मिठात धागा रंग धरत नाही, ही क्षमतेच्या चाचणीत दिसलेली उणीव इथे कामाला आली. डाईबाथच्या प्रवाहातला रंग पॉलिअमाइनने खाली बसवला की वर उरते ते खारट, अल्कलीयुक्त, रंगहीन पाणी. तेच ६० अंशांवर भरलेल्या भांड्यातून दीड घनमीटर फिरवले की साठ टक्के रंग सुटतो. सुटलेला रंग परत त्याच पॉलिअमाइनच्या टाकीत. तिसरे भांडे वाढवले, म्हणजे दोन चालू आणि एक धुवायला. पुढच्या प्रत्येक फेरीत १९-२० मिलिग्रॅम प्रति ग्रॅम मिळू लागले आणि सहा फेऱ्यांत ६० किलोचा नमदा आठवडाभर पुरू लागला.

एक खबरदारी मात्र पक्की पाळावी लागते. पॉलिअमाइन जास्त पडले तर त्याचा अंश खाऱ्या पाण्यातून धाग्यात जातो आणि तिथेच रंगाला घट्ट बांधून टाकतो. ते भांडे मग सुटत नाही. म्हणून धुण्याआधी त्या पाण्याच्या नमुन्यात रंगाचे दोन थेंब टाकून पाहायचे. गढूळपणा आला तर ते पाणी वापरायचे नाही.

परिणाम

धाग्यावर येणारे पाणी ४३६, ५२५, ६२० ला सरासरी ३८, ४६, ४१ प्रति मीटर होते; दुसऱ्या भांड्यातून बाहेर ६, ३, २. ४३६ चा आकडा कायम काठावर राहतो, कारण तागाचा थोडा पिवळेपणा नव्या नमद्याच्या पहिल्या पाण्यात येतोच; ते पाणी समतोल टाकीत परत घेतात. फेरस-चुना आता ४८ ऐवजी साडेसतरा-अठरा घनमीटरलाच लागतो आणि गाळ जवळपास निम्म्यावर आला आहे. धाग्यानंतरचे पाणी पुढच्या लॉटच्या पहिल्या धुलाईला जाते.

सीओडी ३१० वरून २८० झाला, म्हणजे जवळजवळ तिथेच. मीठ तसूभरही कमी झाले नाही. रंगही नष्ट झालेला नाही: ३२ घनमीटरात पसरलेला रंग दीड घनमीटरात गोळा होऊन शेवटी गाळातच जातो. कारखान्याला हवे होते ते एवढेच, पण ‘नैसर्गिक धाग्याने पाणी शुद्ध’ अशी पाटी यावर लावता येणार नाही.

फिरोजी शेड या व्यवस्थेबाहेर आहे. ब्लू २१ चा थॅलोसायनिनचा रेणू मोठा, पाण्यात एकमेकांना चिकटून राहणारा. तो धाग्यात हळू शिरतो आणि लवकर फुटून बाहेर येतो. त्या लॉटचे सर्व बाथ पॉलिअमाइनकडे जातात आणि तांब्यामुळे त्यांचा गाळ वेगळा ठेवला जातो.

वेगळे काय करता आले असते

बाथनिहाय मीठ आणि रंगाचा तक्ता धागा निवडण्याआधी व्हायला हवा होता. केळीचा धागा आणि काथ्या यांवर गेलेला वेळ वाचला असता. सोपिंग एजंटचा भार कोणता, हे पुरवठादाराला एका फोनवर विचारता आले असते. धागा धुण्याची चाचणी क्षमतेच्या चाचणीबरोबरच लावायची, म्हणजे एकदाच वापरण्याच्या हिशेबात कोणी अडकत नाही.

सर्वांत मोठा न तपासलेला पर्याय मात्र रंगाई विभागात होता. जे क्वाट तागावर बसवले तेच रंगवायच्या सुती कापडावर बसवले तर रंग मिठाशिवाय चढतो आणि बसण्याचे प्रमाणही बरेच वाढते. मग रंग आणि मीठ दोन्ही ड्रेनमध्ये कमी जातात. अडचणी ठाऊक आहेत: शेड एकसारखी येत नाही, रंग धाग्याच्या पृष्ठभागावरच अडकतो, काही रंगांचा लाइट फास्टनेस (उजेडात टिकण्याची ताकद) घसरतो आणि जुन्या सगळ्या रेसिपी नव्याने बांधाव्या लागतात. काळ्या आणि नेव्ही शेडमध्ये या अडचणी तुलनेने सौम्य असतात आणि ड्रेनमधला सर्वाधिक रंग याच शेडमधून येतो. चाचणी लावायची तर तिथून.